आगोटीतला भात

30 मे, डोंबिवली पूर्व

शेजारच्या आंटींचा भाऊ आज पहाटे कोकणकन्येनं ठाण्याला उतरला आणि लोकल पकडून घरी आला. पिशव्यांमध्ये आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी भरायच्या बेगमीचं, सामान होतं: आमसुलं, सुकी सुंगटं (कोळंबी), माडाच्या सुरेच्या व्हिनेगरची बाटली आणि गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेल्या चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजांच्या, माळा. त्यातली एक माळ आंटींनी आम्हाला दिली. जपमाळेसारखे सुतानं बांधलेले मणी, गडद विटकरी. गुंडाळलेलं वर्तमानपत्र तेलानं भिजून आरपार दिसायला लागलं होतं. वासात आधी व्हिनेगर, मग लसूण-मिरची आणि सगळ्यात मागे चुलीचा धूर.

संध्याकाळी आंटींनी चोरिसांची कृती सांगितली. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे करून मीठ लावायचं आणि वर वजन ठेवून पाणी काढायचं. मग ऊन दाखवायचं. व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात मुरवून आतड्यात भरायचं, पुन्हा ऊन आणि धूर. यातली एकही पायरी नुसत्या चवीसाठी नाही. मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं, आंबटपणा जंतूंना वाढू देत नाही, ऊन आणि धूर उरलेला ओलावा काढतात. एवढं करूनही आतलं मांस कच्चंच असतं, म्हणून ते नीट शिजवायलाच हवं.

1 जून

आजपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. किनाऱ्यावरची बेगमी या दिवसांसाठीच असते. आमच्या सीकेपी घरात सोडे, बोंबील आणि जवळा डब्यांत भरून झालेत. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात. मे महिन्याच्या शेवटी मडगावात तिचं फेस्तसुद्धा भरतं.

आईंनी (माझ्या सासूबाईंनी) सोडे निवडून बरणीत भरले. हाताला कोळंबीचा वास, मांडीवर बारीक चुरा. म्हणाल्या, “पसाभर सोड्यांत घर जेवतं, भात मात्र चांगला हवा.” आंटींच्या माळेलाही हे लागू आहे. दोन्ही घरांत साठवणीचा जिन्नस थोडाच असतो. तो भाताला चव देतो आणि पोट भातानं भरतं.

8 जून

मृग लागला, पाऊसही आला. आज आंटींच्या स्वयंपाकघरात पुलाव शिकले.

तांदूळ वाडा कोलम. वाडा तालुका 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा लहान आणि शिजल्यावर मऊ, रस पिणारा. दोन वाट्या तांदूळ धुऊन निथळत ठेवले.

आंटींनी कात्रीनं सूत कापलं, आतडं सोललं आणि वाटीभर चोरिस जाड बुडाच्या टोपात टाकले. तेल अजिबात नाही. अर्धी वाटी पाणी, मंद आच. आधी पाणी खदखदलं, हळूहळू आटलं आणि मग आवाज बदलला. टोप तडतडू लागला. “आता बघ, बाय,” आंटी म्हणाल्या. चरबी सुटली होती आणि टोपाच्या कडेनं लालभडक तवंग पसरत होता. मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. म्हणून पाणी आटण्याआधी तांदूळ घातले तर भात फिक्कट राहतो.

त्या तवंगात उभा चिरलेला कांदा परतला. बटाटे आंटींनी आधीच अर्धे उकडून ठेवले होते, कारण आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. टोमॅटो नाही, वरून व्हिनेगर नाही, मसाला तर नाहीच. तांदूळ घालून प्रत्येक दाणा लाल होईपर्यंत परतले आणि साडेतीन वाट्या उकळतं पाणी ओतलं. मीठ त्या पाण्याची चव घेऊनच, चिमूटभर. झाकण ठेवलं. आच बंद केल्यावर पाव तास कुणी हात लावायचा नाही.

15 जून

आज एकाच ओट्यावर दोन टोप चढले. आई चोरिस खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी सोड्यांची खिचडी. नावाला खिचडी, पण तिच्यात डाळ नसते. भिजवून स्वच्छ केलेले सोडे कांद्याबरोबर तेलात परतले, बटाट्याच्या फोडी घातल्या, मग तांदूळ आणि गरम पाणी. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सोडे स्वतःचं तेल सोडत नाहीत, म्हणून इथे तेलाचा हात सढळ लागतो. चोरिसांना थेंबही नको. एवढा फरक सोडला, तर दोन्ही टोपांत मी एकच काम केलं. उन्हात आटवलेली चव पाण्यानं पुन्हा मोकळी केली आणि ती भातात जिरू दिली.

24 जून, ठाणे

ऑफिस सुटल्यावर जांभळी नाक्यावरून आले. जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. आज त्याच संताचा सण, गोव्यातला सांजाव. तिथे डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून माणसं भरलेल्या विहिरींत उड्या मारतात. ठाणं 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलं, तोवर इथेही पोर्तुगीज राज्य होतं. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आली. मांसात लसूण आणि वाईन घालून ते आतड्यात भरायची त्यांची पद्धत गोव्यात रुजली आणि वाईनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. त्यांच्या देशात आजही बदकाच्या भातावर शौरिसूच्या, म्हणजे तिथल्या सॉसेजच्या, चकत्या लावून तो भट्टीत भाजतात. दक्षिण चीनमध्ये हिवाळ्यात सुकवलेली गोडसर सॉसेजं शिजत्या भातावर ठेवतात, चरबी दाण्यांत उतरते. ज्याच्या घरी भात रोजचा आणि मांस जपून वापरायचं, त्याला ही युक्ती सुचतेच.

रात्री आंटींकडे जेवलो. पुलाव, काकडी-कांद्याची कोशिंबीर, इतकंच. पाहुणे मोजून बारा आणि माळेतले मणीही साधारण तेवढेच गेले असतील.

आता बाराही महिने, हवं ते मांस दारात येतं. आमची माळ एका रविवारी संपवणं काही अवघड नाही. पण मग तो नुसताच मांसाचा बेत झाला असता. ही माळ थोड्या जिनसात पुष्कळांना जेवू घालण्यासाठी आहे, आणि भाताला मान देण्यासाठी. दोन वाट्या तांदळाला वाटीभर चोरिस, याहून जास्त नाही, असं मी ठरवलं आहे. त्या मापानं ती आखाड संपून श्रावण लागेपर्यंत पुरेल.