वतन आणि हक्कसोड

साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या मंडळ्यांत देवाच्या वतनावर प्रवचन करायचं, तर ऐकणाऱ्यांच्या घरात वतन म्हणजे काय होतं, हे पाळकाने विसरून चालत नाही. इथल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार-मांग समाजातले. वतन त्यांच्याकडेही होतं: जमिनीचा तुकडा आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्यांची गावकी. बापाची चाकरी मुलाच्या गळ्यात पडे. ही वतनं १९५८च्या कायद्याने संपली. त्याच्या कितीतरी आधी या माणसांनी पौलाचं म्हणणं ऐकलं होतं, की तू आता दास नाहीस, पुत्र आहेस आणि म्हणून वारीस आहेस. चाकरीच वारशात आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, हे मनात धरूनच मी गलतीकरांस पत्र शिकवतो.

त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही असं सांगितलं आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात वारसा येतो. आपण पहिलं वाक्य भिंतीवर लावतो, दुसरं अंत्यविधीला वाचतो. इफिसकरांस पत्रात तर पवित्र आत्म्याला या वतनाचा विसार म्हटलं आहे. विसार हातात पडला म्हणजे व्यवहार सुरू झाला. मग तो मेल्यानंतरचा मामला कसा राहील?

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यात राहिले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते गेले. मागे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं, सुरुवातीचे अध्यायच काय ते लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळखही लग्नानंतर झाली. नवऱ्याच्या धर्मांतराने काही वर्षं घर मोडलं होतं, ते सोसून, स्वतःच्या मनाने त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला. आध्यात्मिक वारसा कसा चालवायचा याचं याहून स्पष्ट उदाहरण मला मराठीत माहीत नाही. लक्ष्मीबाईंनी टिळकांचं नाव जपलं एवढंच नव्हे, त्यांचं काम स्वतःच्या अक्षरांत पुढे नेलं. मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांनीही आपलं काम असंच पुढच्यांच्या हाती दिलं. १८९७ पासून ते इथल्याच तरुणांना वैद्यक शिकवू लागले.

आता घरातलं बोलतो. ‘आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती’ असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांतही वडील वारले, की बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. बहीण सही करते, कारण माहेर तुटायला नको असतं. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. पवित्र शास्त्र तर त्याच्याही फार आधीचं. सलाफहादाला मुलगा नव्हता; त्याच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असा निर्णय खुद्द परमेश्वराने दिला. काही भाऊ लूकच्या बाराव्या अध्यायाचा आधार घेतात: वाटणीचा तंटा घेऊन आलेल्या माणसाला येशूने परत पाठवलं, तेव्हा मालमत्तेत धर्म आणू नका. पण त्याच ठिकाणी त्याने लोभापासून सावध केलं आहे, आणि तो इशारा सगळ्यांनाच लागू आहे, सातबारा ज्याच्या ताब्यात त्याला आधी.

जमिनीच्या वाटणीत एक भाऊ वाढला की प्रत्येकाचा हिस्सा घटतो. ख्रिस्ताबरोबरच्या वारशात असं होत नाही. सहवारीस कितीही आले तरी कुणाचं उणं होत नाही. हे ज्याला खरोखर पटलं, त्याला बहिणीच्या अर्ध्या एकराची भीती वाटायचं कारण नाही.

या दिवाळीत बहिणी माहेरी येतील. कुणाच्या कपाटात न नोंदवलेलं हक्कसोडपत्र पडलं असेल, तर भावांनो, ते बाहेर काढा आणि बहिणीला तिचं मत मोकळेपणाने विचारा. तिला हक्क सोडायचा नसेल, तर तो कागद फाडून टाका.