पेटी घरात, वाट बंद

आमच्या भावकीतल्या घरांचे जुने कागद मी येरवड्याच्या घरी एका पेटीत ठेवले आहेत. पत्र्याची पेटी नव्हे. राउटरला जोडलेला, दोन हार्ड डिस्क असलेला लहानसा डबा. त्यात स्कॅन केलेले शाळेचे उतारे, जातीचे दाखले आणि कालकथित वडिलांनी जपलेले १९७९ च्या लाँग मार्चचे फोटो आहेत. नातेवाइकांना आपापल्या गावाहून मोबाईलवर ते पाहता यावेत, एवढ्यासाठी ही खटपट.

कागदाचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. पुणे करारावर २४ सप्टेंबर १९३२ रोजी सह्या झाल्या त्या येरवड्याच्याच तुरुंगात! आज मुलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते, पण जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो म्हणजे आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा आणि त्यावरची 'महार' ही नोंद. धम्मदीक्षा १९५६ ची, बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरी नातवंडांची वाट त्या एका ओळीतून जाते.

गेल्या पावसाळ्यात नांदेडच्या भाचीला पडताळणीचा अर्ज त्याच दिवशी भरायचा होता. मी शिबिरासाठी नागपूरला. तिचा फोन आला, "मामा, नुसतं गोल फिरतंय, उघडत नाही." मी करून पाहिले, तेच. घरी एकटी आई. तिला विचारले, डब्यावर दिवे आहेत का? म्हणाली, "हिरवे आहेत. पेटी घरात, कागद पेटीत, मग अडलं कुठं?"

प्रश्न बिनतोड होता. शेजारचा मुलगा आला, त्याने घरच्या वायफायवरून उतारा उघडला आणि भाचीला पाठवला. अर्ज गेला. म्हणजे डबा ठीक, डिस्क ठीक. बाहेरून आत येणारी वाटच बुजली होती.

परतल्यावर शोध घेतला. पंधरा दिवसांपूर्वी नेटच्या कंपनीने जुनी तार काढून फायबर टाकली होती, राउटरही बदलला होता. घरात सगळे चालू असल्याने कुणाला पत्ता लागला नाही. जुन्या राउटरमध्ये डब्याकडे जाणारा दरवाजा, म्हणजे पोर्ट, नेमून दिला होता. नव्यात तो पुन्हा नेमला, तरी बाहेरून काही उघडेना. मग राउटरच्या पानावरचा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता ताडून पाहिला. दोन्ही वेगळे! राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला होता. त्या टप्प्यातला पत्ता दिसला की समजावे, कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आहे. चाळीचा पत्ता आहे, खोली क्रमांक नाही. पोस्टमन फाटकावरून परत. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच, आणि आशिया विभागातला मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला, म्हणून ही वाटणी. कंपनीची अडचण समजते, पण गिऱ्हाइकाला आधी सांगायला काय हरकत होती?

स्वतंत्र कायमचा पत्ता मिळतो, पण तो मागावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. शिवाय डबा थेट जगासमोर उघडा ठेवणे मला पटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या टोळीने असे उघडे असलेले क्यूनॅपचे डबे कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली होती. म्हणून मी टेलस्केल बसवले. त्यात डबा स्वतःच बाहेर जोडणी करतो आणि आपण नेमलेल्या मोबाईललाच आत घेतो. पोर्ट उघडावे लागत नाही, घरगुती वापराला पैसेही नाहीत. भावकीतल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमध्ये ते घालायला मात्र दोन रविवार गेले.

तपासणी आता वायफाय बंद करून, मोबाईलच्या नेटवरून, दर महिन्याच्या पौर्णिमेला करतो. सगळ्या कागदांची दुसरी प्रत एका साध्या हार्ड डिस्कवर भाचीकडे नांदेडला पाठवली आहे. तिचा फोन आला, "मामा, लाँग मार्चच्या फोटोत आजोबांच्या शेजारी उभ्या त्या बाई कोण?" आईला विचारून सांगतो म्हणालो.