मधली शंभर वर्षं

प्रिय ऋता,


परवा इराने फोनवर विचारलेला प्रश्न तू "अगं, शाळेचा प्रोजेक्ट आहे तिचा" म्हणून बाजूला सारलास. मी मात्र तो घेऊन बसले आहे. तिचं म्हणणं असं: अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलामगिरी गेली, मग मार्टिन ल्यूथर किंग शंभर वर्षांनी मोर्चे कशासाठी काढत होते? आयुष्यभर इतिहास शिकवला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला. उत्तर तिला तू सांगायचं आहेस, म्हणून पत्र तुला.

युद्धाचं थोडक्यात उरकते. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक गेले आणि सुमारे चाळीस लाख माणसं मालकांच्या मालमत्तेच्या यादीतून सुटली. पण प्रोजेक्टमध्ये 'लिंकनने गुलामांना मुक्त केलं' एवढ्यावर भागवू नका. जवळपास एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने तर मे १८६२ मध्ये चार्ल्स्टन बंदरातून दक्षिणेचं 'प्लँटर' हे जहाजच पळवलं. कप्तानाची टोपी डोक्यावर, किल्ल्यांना नेहमीच्या खुणेच्या शिट्ट्या आणि आत बायकामुलं! हाच माणूस पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला.

युद्धानंतर पाच वर्षांत राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पंधराव्या दुरुस्तीने वंश किंवा रंग पाहून मताधिकार नाकारायला बंदी केली. मधली चौदावी, १८६८ सालची, तुमच्या घराच्या कामाची आहे. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की काळा माणूस, गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. ते कायमचं पुसण्यासाठी चौदाव्या दुरुस्तीत लिहिलं गेलं की, मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेत जन्मलेला प्रत्येकजण अमेरिकेचा नागरिक आहे, आणि कायद्याचं संरक्षण कोणतंही राज्य कुणाला कमी-जास्त देऊ शकत नाही.

कागदावर सगळं झालं होतं. पुढे काय झालं ते सांगायला मला एकच साल पुरतं, १८७३, आणि बरंचसं एकच राज्य, लुईझियाना.

ते साल उजाडलं तेव्हा लुईझियानाचा हंगामी गव्हर्नर पिंचबॅक हा काळा माणूस होता. तो जेमतेम महिनाभर त्या पदावर राहिला, पण आठ वर्षांपूर्वी जिथे माणसं लिलावात विकली जात होती तिथलं हे दृश्य आहे. ते ज्यांना सोसवत नव्हतं त्यांनी एप्रिलमध्ये उत्तर दिलं. निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटला होता आणि कोलफॅक्स गावचं कोर्ट काळ्या रहिवाशांनी आपल्या ताब्यात राखलं होतं. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने तोफ आणून त्याला वेढा घातला आणि इमारत पेटवली. बरेचसे लोक शरण आल्यानंतर मारले गेले. मृतांचा नेमका आकडा कधीच कळला नाही. अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. खटला वॉशिंग्टनपर्यंत गेला. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही, आणि जे थोडे दोषी ठरले होते तेही सुटले. पुढे गावात सरकारी पाटी लागली, तिच्यावर या कत्तलीचं नाव 'दंगल' असं होतं. ती पाटी २०२१ साली निघाली.

कोलफॅक्सच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. तोही लुईझियानाचाच. न्यू ऑर्लिन्सचे खाटीक कत्तलखान्याच्या मक्तेदारीविरुद्ध चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन भांडत होते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की नागरिकांचे बहुतेक हक्क राज्याकडून येतात, त्यांची राखण केंद्राने करायची नाही. खटल्यात काळ्या माणसाचा संबंध नव्हता, पण ज्या राज्यांपासून त्याला वाचवायचं त्यांच्याच हाती त्याचे हक्क गेले.

सप्टेंबरमध्ये जे कुक यांची बँक बुडाली. उत्तरेच्या युद्धाचे कर्जरोखे याच कुक यांनी विकले होते. बँकेपाठोपाठ कारखाने बंद पडले, मंदी वर्षानुवर्षं रेंगाळली आणि उत्तरेकडच्या माणसाला दक्षिणेतल्या काळ्या मतदाराची काळजी करायला सवड राहिली नाही. १८७७ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात तडजोड झाली. लुईझियाना आणि साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनांवरचा लष्कराचा पहारा उठला आणि सत्ता जुन्या मालकवर्गाकडे परत गेली.

आपल्याकडे शेताचा दावा कोर्टात जिंकला तरी शेजारी दर नांगरटीला बांध एकेक तास कोरत राहतो, आणि लक्ष नसलं तर दहा वर्षांत शेत अर्धं होतं. तिथे तसंच झालं. लुईझियानात १८९६ साली एक लाख तीस हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली ते साधारण तेराशे उरले. पंधरावी दुरुस्ती कुणी रद्द केली नव्हती. साक्षरतेची अट घातली, मालमत्तेची अट घातली आणि १८६७ आधी ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता त्याला त्यातून सूट दिली. गुलामाचा आजा मतदार कुठून असणार? त्याच राज्यात होमर प्लेसी १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसला, अटक करून घेतली, कायद्याला आव्हान दिलं आणि १८९६ साली हरला. न्यायालय म्हणालं, डबे वेगळे असले तरी समानता राहते. हे उलटायला १९५४ उजाडावं लागलं. त्यानंतरही १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये रुबी ब्रिजेस या सहा वर्षांच्या मुलीला शाळेच्या दारापर्यंत केंद्राच्या मार्शलांनी न्यावं लागलं. किंग मोर्चे कशासाठी काढत होते याचं उत्तर इथे आहे. बराचसा लढा घटनेत आधीच लिहिलेलं अंमलात आणण्यासाठी होता.

आता १८७३ चं आपलं टोक. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सज्जनांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्रातिशूद्रांसाठी तसंच करावं ही त्यांची आशा होती. कोलफॅक्सची बातमी त्यांच्या कानावर गेली असेल असं मला वाटत नाही. पण नुसत्या कायद्यावर विसंबणारा तो माणूस नव्हता. जे कुक यांची बँक बुडाली त्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. बाबासाहेबांना तर युद्धानंतरची ही फसवणूक चांगली ठाऊक होती. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात त्यांनी मुक्त झालेल्या काळ्यांचं पुढे काय झालं ते मांडलं, कारण स्वातंत्र्याआधीच अस्पृश्यांच्या हक्कांची हमी लिहून घ्यायची होती. पुढच्याच वर्षी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहिलं.

तुमच्या घरापर्यंत हे कसं पोचतं ते ऐक. वाँग किम आर्क हा चिनी आईबापांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, कोर्टाच्या नोंदीप्रमाणे तोही १८७३ सालीच. १८९५ मध्ये चीनहून परतला तर बंदरावर त्याला उतरू देईनात. चिन्यांना बंदी होती. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीवर बोट ठेवून सांगितलं, हा इथे जन्मला, हा नागरिक आहे. तुम्ही दोघं एच-१बी व्हिसावर असताना इरा जन्मली आणि जन्मतः अमेरिकन झाली ती याच आधारावर. जानेवारी २०२५ मध्ये अशा मुलांना नागरिकत्व नाकारणारा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढला आणि तो लागलीच न्यायालयात गेला. इराला तो लागू नव्हता, ती आधी जन्मली होती. पण तुझ्या फोनमधला आवाज तेव्हा बदलला होता, तो मला आठवतो.

तुमचं तिथे असणंही त्याच लढ्याचं देणं आहे. १९२३ साली भगतसिंग थिंद या माजी अमेरिकी सैनिकाला न्यायालयाने सांगितलं की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर जणांपुरतं. मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मताधिकार मागणाऱ्यांची डोकी फोडली, ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा आला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच संसदेने, त्याच लाटेत, देशोदेशींच्या माणसांना जन्मभूमीवरून तोलणारा जुना कोटा मोडला. आपला शरदकाका सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला इंजिनिअर म्हणून गेला तो त्या कायद्याच्या वाटेने. तो मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की आपण गुणवत्तेवर आलो.

म्हणून एक स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. मी तिकडे आले होते तेव्हा तुमच्या गणपतीच्या जेवणावळीत 'त्या लोकांची वस्ती', 'त्यांना काम नको असतं' हे ऐकलं. बोलणारी माणसं चांगली शिकलेली, मराठी शाळा चालवणारी होती. इरा शेजारीच ताट घेऊन बसली होती. ज्यांच्या लढ्यामुळे आपल्याला तिथे दार उघडलं, त्यांच्याबद्दल आपल्या पंगतीत असं बोललं जात असेल तर कुणीतरी टोकलं पाहिजे, आणि तू टोकलंस तर मला आनंद होईल. जोतीरावांनी न पाहिलेल्या माणसांचे आभार पुस्तकावर छापले होते. तुमच्या तर ती माणसं शेजारच्या गल्लीत राहतात.

इराला उत्तर देताना सालं कमी सांग. तिला सांग की १८६५ मध्ये एक भांडण जिंकलं गेलं, आणि जिंकलेलं राखायला पुढच्या निवडणुकांना, खटल्यांना, शाळेच्या दारांना माणसं पुरली नाहीत. तुझी नागरिकत्वाची शपथ झाली की त्याच आठवड्यात मतदार म्हणून नाव नोंद. राष्ट्राध्यक्ष निवडायला सगळेच जातात. तू शाळा मंडळाच्या निवडणुकीलाही जा. इराच्या पुस्तकात या शंभर वर्षांना किती पानं मिळतात, हे तिथेही ठरतं.

तुझी,
आत्या