नमो मरियेचा उत्तरार्ध

जपमाळेची प्रार्थना एकट्याने करता येते. तथापि आपल्या घराघरांत ती रुजली ती दोन आवाजांची प्रार्थना म्हणून. एकाने नमो मरियेचा पूर्वार्ध म्हणावयाचा आणि उरलेल्यांनी उत्तरार्धाने त्यास साथ द्यावयाची, ही रीत आपण कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही. तिन्हीसांजेची घंटा झाली की वसईच्या वाड्यांतून एका घरातला पूर्वार्ध आणि शेजारच्या घरातला उत्तरार्ध एकमेकांत मिसळून ऐकू येत. आजी पुढे म्हणे, नातवंडे पेंगत पेंगत मागून म्हणत. पेंगणाऱ्या त्या आवाजांचेही मोल होते, हे आम्हांला फार उशिरा, आणि तेही दुसऱ्याच्या घरी उमगले.

या प्रार्थनेचा जन्म कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. तिचे पहिले शब्द गॅब्रिएल देवदूताचे. त्यांना लागून येणारे शब्द मात्र एका वृद्धापकाळी गर्भवती राहिलेल्या स्त्रीचे आहेत. देवदूताचा निरोप ऐकताच मरिया घरी बसून राहिली नाही. ती उठली आणि यहुदाच्या डोंगराळ प्रदेशात घाईने निघाली, असे संत लूक सांगतो. तिने घरात शिरून अभिवादन केले, आणि एलिझाबेथच्या तोंडून जे धन्योद्गार निघाले तेच आज आपण पूर्वार्धात म्हणतो. पापी जनांसाठी विनंती करणारा उत्तरार्ध ख्रिस्तसभेने त्यास कालांतराने जोडला. १५६८ साली पोप पायस पाचवे यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रार्थनाग्रंथात ही प्रार्थना आजच्या पूर्ण रूपात आली. म्हणजे जी प्रार्थना आपण देव्हाऱ्यापुढे बसून म्हणतो, तिचा एक भाग कुणीतरी कुणाच्या तरी घरी भेटीला गेले म्हणून आपल्याला लाभला आहे. मरिया त्या घरी सुमारे तीन महिने राहिली. गृहभेट ही प्रार्थनेनंतर उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट नव्हे. ती प्रार्थनेच्या पोटातच आहे.

आम्ही दोघे गेली काही वर्षे आमच्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या वतीने गृहभेटींना जातो. ही संस्था २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये मूठभर विद्यार्थ्यांनी सुरू केली. त्यांच्यातील फ्रेडरिक ओझानाम त्या दिवशी अवघा वीस वर्षांचा झाला होता. तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असा सवाल एका वादसभेत त्यांना टाकण्यात आला होता. ओझानामने त्यावर दुसरे भाषण केले नाही. तो आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. त्या वस्तीत सेवा करणाऱ्या रोझली रेंदू या धर्मभगिनीने त्यांना गरिबाच्या दारात कसे उभे राहावे याचे धडे दिले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला आणि २००३ साली भगिनी रोझलीला धन्य म्हणून घोषित केले. सभेचा आरंभ व शेवट प्रार्थनेने करावा, भेटीस दोघांनी मिळून जावे, आणि सभेत फिरणाऱ्या गुप्त थैलीत कोणी किती टाकले हे कोणी पाहू नये, या साध्या प्रथा आजही पाळल्या जातात.

आमच्या भेटींच्या यादीत एका आजींचे नाव आले तेव्हा सभेत थोडी चर्चा झाली. आजींचे घर पक्के, मागे केळीची वाडी, मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात. औषधपाणी वेळेवर, कामाला बाई, पैशाला तोटा नाही. अशा घरी आपण काय घेऊन जायचे? गरजूंचा वेळ सधनांना का द्यायचा? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तरीही एका मंगळवारी संध्याकाळी आम्ही थोडी फळे घेऊन त्यांच्याकडे गेलो.

आजी खाटेवर बसून जपमाळ करीत होत्या. आम्ही पडवीत थांबलो. काही वेळाने आमच्या ध्यानात आले की पूर्वार्ध म्हणून झाल्यावर त्या गप्प राहत, आणि मग उत्तरार्धही स्वतःच म्हणत. दम लागतो म्हणून थांबत असतील, असे आम्हांला वाटले. जपमाळ झाल्यावर आम्ही तसे विचारले. त्या हसल्या. "दमाचं काही नाही हो. त्यांची उत्तर द्यायची सवय. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी उत्तर दिलं. आता ते नाहीत हे मला कळतं. पण जागा सोडल्याशिवाय पुढचं तोंडातून येतच नाही."

आमच्या हातातील फळांकडे पाहून त्या पुढे म्हणाल्या, "केळी आमच्या वाडीतलीच खाऊन संपत नाहीत. पुढल्या खेपेला पाचही रहस्यं होईपर्यंत बसा, म्हणजे झालं."

तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही तेवढेच करतो. त्या पुढे म्हणतात, आम्ही उत्तर देतो. प्रत्येक रहस्यापूर्वी त्या कुणाचे तरी नाव घेतात: शस्त्रक्रियेला निघालेला शेजारी, दहावीला बसलेली मुलगी, दारू सोडू पाहणारा कुणी. त्या घराबाहेर पडत नाहीत, परंतु वाडीतील दुःखांची त्यांच्याइतकी खबर आमच्या सभेलाही नसते. त्यांनी घेतलेल्या नावांवरूनच आम्ही आजवर दोन घरांपर्यंत पोहोचलो, आणि त्यांपैकी एका घरी खरोखरच धान्याची गरज होती. सेवा करावयास आम्ही गेलो होतो. कामाची दिशा मात्र खाटेवरून मिळाली.

अंतिम न्यायाविषयीचा प्रभू येशूचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. भुकेल्यांना अन्न, तान्हेल्यांना पाणी, उघड्यांना वस्त्र. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आजारी व बंदिवान यांच्याविषयी प्रभू काय म्हणतो, ते सावकाश वाचावे. आजाऱ्याला बरे केले का, कैद्याला सोडवले का, असे तो विचारीत नाही. तुम्ही माझ्याकडे आलात का, एवढेच तो पाहतो. बरे करणे सर्वांच्या हाती नसते, पण जाणे बहुतेकांच्या हाती असते. म्हणून 'आम्ही काय देणार?' या सबबीला तेथे जागा उरत नाही.

याच्या उलट टोकाचा विचारही अलीकडे ऐकू येतो. सेवा हीच प्रार्थना; मग निराळी प्रार्थना कशाला? संत लूकने आपल्या शुभवर्तमानात तीन प्रसंग एकापाठोपाठ एक मांडले आहेत. दहाव्या अध्यायात प्रथम दयाळू शोमरोन्याचा दाखला येतो. त्यात जखमी माणसाला उचलणारे हात आहेत. लगेच मार्था व मरिया यांची कथा येते. तीत प्रभूच्या चरणांशी ऐकत बसलेली बहीण आहे. आणि अकराव्या अध्यायाच्या आरंभी शिष्य म्हणतात, आम्हांला प्रार्थना करावयास शिकवा. हात, कान आणि तोंड असा हा क्रम आहे. केवळ हात चालू लागले की मार्थेप्रमाणे आपण बहिणीविरुद्ध तक्रार करू लागतो. सेवा करणाऱ्यांच्या सभांत रुसवेफुगवे का होतात, याचे उत्तर बहुधा येथेच आहे. आणि प्रभूने शिकविलेल्या त्या प्रार्थनेत 'मला' हा शब्द नाही. भाकर मागावयाची तीही 'आम्हांला'.

संत व्हिन्सेंट डी पॉल आपल्या धर्मभगिनींना शिकवीत असे की प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर निःशंक मनाने उठून जावे. ते देवाला सोडून देवाकडेच जाणे होय. या शिकवणुकीचा आधार घेऊन प्रार्थना टाळणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवाला सोडून जाण्यासाठी आधी त्याच्यापाशी बसलेले असावे लागते.

आजींच्या घरी आणखी एक बदल झाला, तो आम्ही मुद्दाम नमूद करतो. कॅनडातील मुलाने एकदा फोनवर नेहमीप्रमाणे, काय पाठवू, असे विचारले. आजी म्हणाल्या, "काही नको. शनिवारी आठला फोन कर आणि उत्तर दे." आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ-दहा. पहिल्या शनिवारी तो मध्येच अडखळला, कारण मराठी शब्द विसरला होता. आजी थांबल्या, त्याला आठवू दिले, आणि पुढे गेल्या. आता कधीकधी त्याची मुलगीही इंग्रजीतून उत्तर देते. आजींना इंग्रजी येत नाही. पण कुठे थांबायचे ते त्यांना बरोबर कळते.

आपल्या धर्मग्रामांत अशी घरे किती असतील? मुले परदेशी गेली हा काही त्यांचा अपराध नव्हे. पोटासाठी माणूस जाणारच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धजनांसाठी नेमून दिला. त्या दिवशी मंदिरात त्यांना पुष्प देऊन गौरविणे चांगलेच. परंतु मंदिरापर्यंत येऊ न शकणाऱ्यांच्या वाट्याला ते पुष्प येत नाही. ३१ मे रोजी आपण मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण पाळतो, आणि ऑक्टोबर तर जपमाळेचाच महिना. प्रत्येक वाडीने आपल्या हद्दीतील एकट्या माणसांची यादी करावी, दोघादोघांनी एकेक घर वाटून घ्यावे, आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे तेथे बसावे. दृढीकरणाची तयारी करणाऱ्या मुलांना सोबत न्यावे. मोठ्यांना न सुचणारे प्रश्न मुले सहज विचारतात. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. जेथे खरोखरीच अन्नाची वा औषधाची वाण असेल तेथे तीही अशाच भेटीतून उघडकीस येईल.

वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घरी जपमाळ सुरू होईल तेव्हा क्षणभर कान देऊन ऐकावे: आपल्या आळीत पूर्वार्ध म्हणून कोण थांबले आहे? ते घर फार दूर नसेल.