लाल गोळी कुणासाठी?

मी नवजात बाळांचा डॉक्टर. गरोदर बाईची तपासणी हे माझं काम नाही. तरी बाळ पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, खणखणीत रडणारं असलं तरी मी आधी आईच्या फायलीतलं हिमोग्लोबिन बघतो.

कारण पहिल्या सहा महिन्यांचं लोह बाळाने पोटातूनच आणायचं असतं. आईच्या दुधात ते अगदी थोडं. ही शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत बांधली जाते, म्हणून अपुऱ्या दिवसांचं मूल ती अर्धवट घेऊन येतं. वार मोठी हट्टी, आईकडे कमी असलं तरी बाळासाठी ओढून घेते. पण आई फारच रिती असेल तर वारेचाही नाइलाज होतो. अशा वेळी असलेलं लोह आधी रक्ताकडे जातं, मेंदूचा नंबर नंतर. त्यामुळे गुलाबी दिसणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही लोहाची चणचण असू शकते.

एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. आपल्या जेवणातून एवढं निघणं कठीण. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हा तर नुसता रंगाचा न्याय! म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक सरकारी लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. या दुसऱ्या घटकाचा माग मुंबईत लागला. १९२८ मध्ये आलेल्या ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टरांनी इथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांमधला रक्तक्षय अभ्यासला. तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं.

गोळी मिळते, पण पोटात जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या जेमतेम २६ टक्के. यात बायकांना आळशी ठरवणं मला मान्य नाही. गोळीने मळमळतं, शी काळी होते, पोट साफ होत नाही. त्यात शेजारीण सांगते, बाळ काळं होईल. सासूबाई म्हणतात, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल. दोन्ही खोटं. काळी शी म्हणजे न शोषलेलं लोह, बाकी काही नाही. हे कुणी दोन मिनिटं बसून सांगत नाही. रजिस्टरात मात्र पट्ट्या वाटल्याची नोंद चोख असते.

मळमळत असेल तर गोळी रात्री, जेवणानंतर तासाभराने घ्यावी. लिंबू-आवळा सोबत चालेल, चहा नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. दिवस भरत आले आणि गोळीने भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

आणि लेकीसुनेच्या बाळंतपणाला जाणार असाल, तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा: बाळ धडधाकट असेल तर नाळ निदान मिनिटभर थांबून कापाल ना? जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात उतरतं, आणि त्यासोबत लोहही. याला एक पैसा पडत नाही, जरूर विचारा.