ऋण आणि घर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडील. परंतु तिचा प्रत्यय कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याइतका क्वचितच कोणास आला असेल. स्कॉटलंडांत, ट्वीड नदीच्या कांठीं, मेलरोज गांवाजवळ त्यांनीं १८११ सालीं एक साधी शेतवाडी घेतली व तिला ॲबट्सफर्ड असें नांव दिलें. पुढें विल्यम ॲटकिन्सन या शिल्पज्ञाच्या साहाय्यानें तेथें बुरुजांचा व पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरभिंतींचा वाडा उभा राहिला. १८२४ सालीं तो पुरा झाला. एडिंबरोचा जुना तुरुंग पाडला तेव्हां त्याचें दार आणून स्कॉट यांनीं आपल्या भिंतींत बसविलें. सारें जुन्या वळणाचें, दिवे मात्र नव्या गॅसचे! कित्येक रसिकांस ही जुन्याची नक्कल वाटते. तथापि पुढें तेथील अनेक धनिकांनीं याच धर्तीवर आपलीं घरें बांधलीं.

हा सर्व थाट कादंबऱ्यांच्या पैशावर, आणि पुष्कळदां न लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या उचलीवर चालला होता. १८२६ च्या आरंभीं त्यांचे प्रकाशक व ज्यांत त्यांची भागी होती तो छापखाना, दोन्ही बुडाले. एक लक्षाहून अधिक पौंडांचें ऋण शिरावर आलें. त्याच वर्षीं पत्नी वारली; एडिंबरोचें राहतें घर विकावें लागलें. दिवाळें काढून मोकळें होण्याचा मार्ग खुला होता. स्कॉट यांनीं तो नाकारला, मित्रांचें साहाय्यहि नाकारलें, आणि लेखणी हातीं घेतली. १८३० सालीं सावकारांनीं संतुष्ट होऊन त्यांचा ग्रंथसंग्रह व सामान त्यांस परत दिलें. १८३२ सालीं ट्वीड दिसेल अशा भोजनगृहांत त्यांनीं देह ठेविला. उरलेलें ऋण त्यांच्या ग्रंथांच्या उत्पन्नांतून १८४७ पर्यंत फिटलें.

वाडा त्यांनीं १८२५ सालींच वडील मुलाच्या नांवें करून ठेविला होता, हें आम्ही विसरत नाहीं. त्यांची हौस अविचाराची होती, हेंहि खरें. परंतु हौस पुष्कळांस असते; तिचें मोल स्वतःच्या हातानें, प्रकृति खचत असतां, चुकविणारे थोडे. १८३३ पासून लोक हें घर पाहावयास जातात. २००७ पासून त्याची व्यवस्था एका विश्वस्तमंडळाकडे आहे. पाहणारे बुरूज पाहतात. आम्हांस त्या घरांतील लिहिण्याचें मेज अधिक पूज्य वाटतें. कारण वाडा ऋणावर उभा राहिला, आणि कुळाची अब्रू त्या मेजावर राखिली गेली.