वाइनची मुदत ठेव

वाइनविषयी आम्हां मध्यमवर्गीयांना एकच गोष्ट ठाऊक असते : जितकी जुनी तितकी चांगली. हे ज्ञान सिनेमावरून आले की मुरलेल्या लोणच्यावरून, हे कोणी विचारीत नाही. त्यामुळे कंपनीच्या कामाने पोर्तुगालला जाऊन आलेल्या आमच्या साडूंनी तांबड्या वाइनची बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यावर गेल्याच वर्षाचा आकडा निघाला, तेव्हा घरात शांतता पसरली.

"भाऊजी, एवढ्या लांबून आणायची तर जरा जुनी तरी बघून घ्यायची !" आमची ही म्हणाली. हिच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली कायम असते. धायटीची फुले घालून आंबवलेल्या त्या रसातही मद्यार्क असतो. पण तो 'स्वयंनिर्मित' असल्याने घराण्याला बट्टा लागत नाही.

साडूंची मात्र फसवणूक झाली नव्हती. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातल्या या वाइनचे नावच 'व्हिन्यु व्हेर्द', म्हणजे हिरवी वाइन. हिरवा हा रंग नव्हे, वय. आपण 'कोवळी' म्हणतो ना, तसे. म्हणून तांबडी असली तरी ती हिरवीच ! तिच्यातल्या 'व्हिन्यांव' द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो. तिकडचे जुने लोक ती आंबट, गार वाइन पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून पितात, आपण ताक प्यावे तशी. त्यांच्या वेली पूर्वापार झाडांवर नाहीतर उंच मांडवावर चढवलेल्या, आणि खाली मका नि भाजीपाला. मांडवावरची द्राक्षे आम्हां नाशिककरांना काय नवी ? पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला लागा आणि बघा.

मी बी. कॉम. असल्यामुळे बाकीचे मला चटकन उमगले. पोर्तुगालचीच पोर्ट वाइन म्हणजे मुदत ठेव. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाची ब्रँडी ओततात; आंबणे थांबते, गोडी शिल्लक राहते, मग पिंप राखत बसा वर्षानुवर्षे. त्या दोरू खोऱ्याची हद्द सरकारने १७५६ सालीच आखून दिली. ही हिरवी म्हणजे बचत खाते : आज भरा, उद्या काढा.

आणि पैसा लवकर फिरण्याचे मोल आमच्या काउंटरवर कळते. गंगापूर धरणाजवळच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने वाइन उद्योगासाठी धोरण काढले. मग अनेकांनी खायची द्राक्षे सोडून वाइनची लावली. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. खर्च दोनदा, पीक एकदा. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि माल घ्यायला कोणी येईना. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. मंडईत ते कोण विचारतो ? कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

त्या दिवसांत एक बागाईतदार हप्त्याची मुदत वाढवून मागायला आले होते. अर्ज भरता भरता मी आपली अक्कल पाजळली, "काका, वाइन जुनी झाली की किंमत वाढते म्हणतात."

त्यांनी सही केली, पेन परत दिले आणि म्हणाले,

"साहेब, आमच्याकडं जुनं होऊन वाढतं ते एकच. ते तुमच्याच वहीत आहे."